तुमच्या ट्रॅक्टरवरचा कोट

तीर्थस्वरूप साडूभाऊंना,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण परवा ट्रॅक्टरखाली उताणा पडून उंदीर शोधताना कंबर धरली, तेव्हा वाकता येईल तेवढाच गोड मानून घ्या. तुमची तब्येत उत्तमच असणार. (तुमचं काय उत्तम नसतं?) ताईंचा गुडघा, थोरलीचं कॉलेज, सगळं छान चाललंय हे आमच्या हिच्याकडून कळतं. रोज कळतं. कधी कधी दोनदा.

तुम्ही वयानं आणि मानानं मोठे, म्हणून आदरानंच लिहितो, की तुमच्या शेडनं माझ्या संसाराची वाट लावली आहे. आमच्याकडे उंदीर पळताना दिसला की ही म्हणणार, भाऊजींच्या शेडमध्ये खुशाल जमिनीवर ताट ठेवून जेवावं. आमच्या पेरणी यंत्राची नळी कुरतडलेली सापडली की म्हणणार, भाऊजींच्या नळ्या बघा, नव्या नवरीसारख्या. लग्नाला बावीस वर्षं झाली, मला तिनं अजून कशासारखाही म्हटलेलं नाही. उगाच आडपडदा कशाला ठेवू? मी तुमच्यावर जळतो. तुमच्या ट्रॅक्टरचा आवाज रस्त्यावर आला तरी माझ्या पोटात दुखायला लागतं.

उपाय काय कमी केले? डांबरगोळ्या ठेवल्या, त्या उंदरांनी ढकलत ढकलत दाराबाहेर काढल्या. (एक माझ्या चपलेत सापडली. हे मुद्दाम केलं असणार.) सापळा लावला, त्यात पहिल्याच दिवशी माझा अंगठा सापडला. मांजर आणलं, ते ट्रॅक्टरच्या सीटवर झोपतं आणि मी बसायला गेलो की फिस्कारतं. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. वायरी तर गेल्याच होत्या, वर एअर फिल्टरमध्ये गवताचं घरटं होतं. जाताना तो म्हणाला, "तुमच्या साडूंना का नाही विचारत?" त्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

विचारणं माझ्या स्वभावात नाही, पण बघायला काय हरकत आहे? थोरलीच्या निकालाचे पेढे घ्यायला आलो होतो त्या दुपारी मी हात धुवायला म्हणून जो उठलो, तो पाऊण तास आलो नाही, आठवतंय? पोट बिघडल्याचं सांगितलं होतं. पोट ठणठणीत होतं, मी तुमच्या शेडमध्ये होतो. सगळं पाहिलं. दाराखालच्या फटीला बारीक लोखंडी जाळी. ट्रॅक्टरचं बॉनेट उघडं टाकलेलं, उजेड थेट इंजिनापर्यंत. पेरणी यंत्राच्या पेटीत एक दाणा नाही, आतून फडक्यानं पुसलेली. (ते यंत्र आहे की घासलेलं पातेलं? मी मूठ-दोन मूठ गहू राहू देतो, पुढच्या पेरणीला होतो.) पण असली झाडपूस कोणीही करतो, तिला उंदीर भीक घालत नाहीत. खरी मेख वेगळीच होती. ट्रॅक्टरच्या सीटवर एक जुना तपकिरी कोट, बाह्या पसरून, माणूस बसल्यासारखा ठेवलेला! म्हटलं, वा साडूभाऊ, हे गुपित कधी तोंडातून काढलं नाहीत. धन्य आहात.

आता आमच्या इस्त्रीवाल्यानं माझा रोजचा कोट हरवल्यापासून (दोन वर्षं मी त्याच्याशी बोलत नाही) माझ्याकडे एकच कोट उरलाय, लग्नातला. हिला न सांगता तो नेला आणि पेरणी यंत्रावर तस्साच बाह्या पसरून ठेवला. चौथ्या दिवशी आतल्या खिशात सात पिल्लं. शिंप्यानं मापं घेऊन शिवलं असतं तरी इतकं बेतशीर घर झालं नसतं. आणि पिल्लांच्या आईबापांनी यंत्राच्या नऊपैकी आठ नळ्या फस्त केल्या होत्या. पेरणी आठ दिवसांवर आहे. जमीन तयार, बियाणं तयार, आणि यंत्र म्हणजे नुसता सांगाडा. ही आली. कोट हातात घेऊन नुसती उभी राहिली. तुमचं नावही काढलं नाही, साडूभाऊ, आणि तेच मला जास्त लागलं.

असो. मन मोकळं करायला लिहिलं, मागणं काही नाही. ताईंना नमस्कार.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. तुमची पेरणी उरकली असेल तर तुमचं यंत्र चार दिवस मिळेल का? विचारलेलं हिला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. हिला कळलं. पत्र वाचून हसत सुटली. म्हणते, अहो, तो तपकिरी कोट तुमचाच, दोन वर्षांपूर्वी भाऊजींकडे विसरलात, ताईनं चार वेळा निरोप पाठवला. म्हणजे बघा, साडूभाऊ, दोन वर्षं तुमच्या शेडची राखण केली कोणी? माझ्या कोटानं! तेव्हा यंत्राबद्दल उपकार वगैरे मानत बसत नाही. कोटही यंत्रावर टाकून पाठवा. धुऊ मात्र नका.

ताई, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी माझ्या. यंत्राची पेटी मी आत्ताच उघडली. तळाशी दीड घमेलं गहू निघाला. झाडून, पुसून, दाराला जाळीसुद्धा ठोकली. यांना सांगितलेलं नाही. भाऊजींचं कौतुकही आता जरा कमी करीन म्हणते, माणूस कंबर मोडून घेतो गं. कोट तेवढा आठवणीनं पाठव. उंदीर गेले की त्याचाच गुण म्हणून सांगत फिरतील, फिरू देत.