काडी लावून पाहिलेला ब्रश

आप्पा, परवा बुधवारा बाजारातल्या एका दुकानात मी दाढीच्या नव्या ब्रशचा एक केस उपटला आणि काडी लावून जाळला. दुकानदार ओरडलाच, "ओ काका, क्या कर रहे हो? आग लगाओगे क्या दुकान को?" मी म्हटलं, थांबा जरा. केस वितळला, त्याची बारीक कडक गोळी झाली, प्लास्टिकचा वास आला. म्हणजे पक्का नायलॉन, जनावराचा एकही केस नाही. आधी दुसऱ्या दुकानांतले दोन ब्रश मी असेच जाळून वासावरून नापास केले होते. तो बिचारा डब्यावरची अक्षरं दाखवत राहिला, पण डब्यावर माझा विश्वास नाही, आणि का नाही ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

काडी लावायचं तुम्हीच शिकवलंत. राजपुऱ्यात पॉवरलूमवाल्या शेठच्या गोदामात तुम्ही सुताची पारख करायचात. विडीला कधी शिवला नाहीत, पण सदऱ्याच्या खिशात काडेपेटी कायम. गठ्ठ्यातून एक धागा ओढायचा, जाळायचा, नाकाशी धरायचा. "हे कापूस, जळल्या कागदाचा वास. हे पोलिस्टर, गोळी झाली बघ. अन् हे लोकर, केस जळल्यासारखं." मी सातवीत होतो, तुमच्या मांडीला मांडी लावून बसून वास घेत होतो. त्या गोदामातला अंधार आणि सुताचा कोंदट वास आजही मला आवडतो.

आणि त्याच वर्षीचा तो बेल्ट! तुमच्या गळ्यात तुळशीची माळ, पायात रबरी चपला, कातड्याची एक वस्तू घरात येऊ द्यायची नाही, हे ठाऊक असून मी मित्राच्या नादाने कातडी बेल्ट घेतला. तुम्ही हात उगारला नाहीत. फक्त म्हणालात, "ज्या पायांनी गेलास त्याच पायांनी परत दे." भर बाजारात दुकानदारासमोर मी लाल होऊन उभा होतो. महिनाभर तुमच्याशी धड बोललो नाही मी. तुम्हीही समजूत काढायला आला नाहीत, तुमचा स्वभावच तसा.

पुढे इंदूरला नोकरी लागली आणि पहिल्या सुट्टीला मी तुमच्यासाठी झकास डब्यातला दाढीचा ब्रश घेऊन आलो. तुमचा जुना तर पार टकला झाला होता. तुम्ही नवा ब्रश गालावर फिरवून पाहिला, "कडक आहे, चांगला आहे" म्हणालात. मी फुगलो! इंदूरला परतल्यावर खोलीतल्या सोबत्याला ऐटीत सांगितलं तर तो फिदीफिदी हसला. "अरे, वो तो सूअर के बाल होते हैं." डब्यावर बारीक इंग्रजीत तसं लिहिलंही होतं म्हणे, मी वाचलंच नव्हतं. आप्पा, तुम्हाला पत्र लिहायला घेतलं, फाडलं. पुढच्या सुट्टीला सांगू, दिवाळीला सांगू, असं करता करता अकरा वर्षं गेली आणि तुम्हीही गेलात. दर सुट्टीला मी ओट्यावर बसून पाहायचो: तुम्ही गळ्याला पंचा गुंडाळून माळ नीट झाकता, आरसा खिडकीत टेकवता आणि डुकराच्या केसांनी गालावर फेस करता. मला वाटायचं, माळेवर फेस उडू नये म्हणून पंचा असेल.

हे सगळं आज उकरायचं कारण असं, की येत्या एकादशीला मी तुमची माळ घालणार आहे. नोकरीतून मोकळा झालो, आईचीही फार वर्षांची इच्छा आहे, आणि मी ठरवलं ते ठरवलं. पण आईने तुमची माळ आणि तुमचा ब्रश एकाच डब्यात घालून देवघरात ठेवलेत. तो डबा पाहिला की मान वर होत नाही. म्हणून मी ठरवलं, आधी स्वतःसाठी बिनजनावरी ब्रश आणायचा, मग आईला खरं सांगायचं, मग तुमचा ब्रश देवघरातून हलवायचा. खोटं पोटात ठेवून माळ घालायची नाही.

नवा ब्रश आला, पण त्याची खोड वेगळीच. तुमचा आधी गरम पाण्यात भिजत घालावा लागे. हा पाणी पीतच नाही, तसाच फिरवला तर सगळं कोपरापर्यंत ओघळतं. दाबला तर उसळी मारून फेस आरशावर उडवतो. बायको म्हणाली, "दाढी करताय की भिंत रंगवताय?" आता जमलं थोडं: बुडवायचा, दोनदा झटकायचा, टोकाटोकाने हलका फिरवायचा. मी हटणार नाही.

काल दुपारी आई देवघराजवळ वाती वळत बसली होती. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने वात खाली ठेवली नाही की काही नाही.

"त्यांले माहीत होतं रे."

"काय?"

"तू आणला त्याच दिवशी. तू दोस्तांकडे गेला अन् त्यांनी मोरीत एक केस जाळला. मले बोलावलं, म्हणे वास घे."

"मग फेकला का नाही?"

"पोरगा हौसेनं घेऊन आला, त्याले कळू देऊ नको म्हणे. माळेले पंचा बांधीन, वापरीन, मंग आंघोळ करीन. अन् फेस मस्त होते म्हणे, हसले."

आप्पा, मला तुमचा राग आला. एवढासा बेल्ट चालला नाही, आणि हे अकरा वर्षं गालावर? मग लक्षात आलं, बेल्ट मी माझ्यासाठी घेतला होता. आईसमोर मी हमसून हमसून रडलो, या वयात. खिशात काडेपेटी घेऊन फिरणाऱ्या माणसापासून मी केस लपवत होतो, गाढवासारखा.

ब्रश देवघरातून हलवायचा नाही, असं आईने बजावलंय. एकादशीपासून नायलॉनचाच वापरणार, त्यात बदल नाही. पण एकादशीला अजून चार दिवस आहेत, गळा अजून मोकळा आहे. आज सकाळी आई झोपेत असताना मी डबा उघडला, तुमचा ब्रश गरम पाण्यात भिजत घातला आणि गळ्याला पंचा गुंडाळून दाढी केली. फेस खरंच मस्त होतो, आप्पा.