चेरीच्या लाकडाचा चौथा पाय

वेदर्सफिल्ड, कनेक्टिकट
ऑक्टोबरचा पहिला रविवार

प्रिय सायलस,

अरे, बसला! पाय बसला! कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय. सकाळी चर्चमध्ये तर पाद्रीबुवांचं प्रवचन चालू असताना शेजारच्या बाईंना कोपरानं ढोसून सांगितलं मी. त्यांना वाटलं मी माझ्याच पायाबद्दल बोलतेय. म्हणाल्या, "सूज उतरली का मग?" आणि मला इतकं हसू आलं की रुमाल तोंडात कोंबून बाहेर यावं लागलं. तुला पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुलाही काही समजायचं नाही.

नदीपलीकडच्या मिस टॅबिथा लूमिस आठवतात ना तुला? तुझ्या लहानपणी सफरचंदं चोरली म्हणून तुझा कान धरून तुला घरी आणून सोडणाऱ्या? नव्वदी गाठली त्यांनी. हिवाळ्यात फ्लोरिडाला भाचीकडे गेल्या होत्या. इथे बंद घरात थंडीनं पाण्याचा नळ फुटला आणि त्यांच्या दिवाणखान्यातलं ते ड्रॉवरचं उंच कपाट, त्यांच्या पणजोबांच्याही आधीपासूनचं, कितीतरी दिवस पाण्यात उभं राहिलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या परत आल्या. माणसांनी कपाट हलवायला नुसता हात लावला, तर पुढचा डावा पाय मोडून पडला. आतून सगळा भुसा. तो पाय त्यांनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळला आणि टॅक्सी करून थेट आपल्या वर्कशॉपच्या दारात.

"एल्डन कुठाय?" आल्या आल्या त्यांनी तुझ्या बाबांची चौकशी केली. मी सांगितलं, ते मार्चमध्ये गेले. त्यांनी तो अभ्रा माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "मला कुणी कळवलं का नाही? चांगला माणूस होता. बोलायचा कमी." आणि लगेच, "आता माझ्या कपाटाचं काय?" रागवू नकोस हं त्यांच्यावर. मार्चपासून लोक माझ्याशी असं हळू आवाजात, मान तिरकी करून बोलत होते की कंटाळा आला होता मला. कुणीतरी पहिल्यांदाच सरळ कामाचं बोललं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करते." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू? तू तर पॉलिश करतेस." मी म्हटलं, "पॉलिशही करते."

सायलस, हे तुला ठाऊक नाही. शेवटची दोन वर्षं तुझ्या बाबांच्या हातांना कंप होता. कॉफीचा कपसुद्धा मी त्यांना अर्धाच भरून द्यायची. पटाशी हातात घेतली की ती लाकडावर टकटक वाजायची, आणि ते तसेच तिच्याकडे बघत राहायचे. एक दिवस त्यांनी ती माझ्यापुढे धरली. म्हणाले, "मी सांगतो, तू काप." तेव्हापासून ते खिडकीजवळच्या स्टुलावर आणि मी कामाच्या टेबलाशी. काय शिव्या खाल्ल्या म्हणून सांगू! "बाई, लाकूड आहे ते, भाजलेली टर्की नाही. मांडी काय कापतेस!" मीही ऐकून घेणारी नव्हे. एकदा म्हटलं, तुमचं तोंड मात्र थरथरत नाही. तर स्वतःच इतके हसले की खोकला आवरेना. गिऱ्हाइकांना आम्ही लपवलं नाही, कामावर दोघांची नावं असायची. तुला मात्र सांगू नकोस म्हणाले. "तो तिकडे फिनिक्समध्ये झोपायचा नाही." म्हणून नाही सांगितलं.

तर कपाट आलं. वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा, सगळे ड्रॉवर काढून घोंगड्यांत बांधलेले. मी एकेक ड्रॉवर उलटा करून बघत बसले. समोरून बघावं तर आरसा, आणि खालून हात फिरवावा तर रंध्याच्या लाटा, अगदी ओहोटीनंतरच्या वाळूसारख्या. जिथे कुणी बघणार नाही तिथे त्या सुतारानं वेळ घालवला नाही. पण कोपऱ्यांवरचे सांधे बघ, एका हाताची बोटं दुसऱ्यात गुंतवावीत तसे. अडीचशे वर्षं झाली, इतकं पाणी प्यायलं, एकही सुटला नाही. एका ड्रॉवरच्या आत सरसानं माखलेलं त्याचं बोट उमटलंय. मी त्यावर माझं बोट ठेवून पाहिलं. माझंच मोठं निघालं! लहान चणीचा असणार बिचारा. नाव कुठेच नाही त्याचं.

नवा पाय करायचा तर जुनं चेरीचं लाकूड हवं. कोरं लाकूड फिकट गुलाबी दिसतं, म्हाताऱ्याच्या तोंडात नवा दात बसवावा तसं. ऑरिन ग्रिझवोल्डच्या गोठ्यात जाड फळी आहे असं तुझे बाबा नेहमी म्हणायचे. तुला ऑरिन माहीत आहे, त्याच्याकडे काही मागितलं की आधी खिल्ली उडवणार. "ही फळी? अगं, हिच्यावर कोंबड्यांच्या कितीतरी पिढ्या बसून गेल्या. मिस लूमिसच्या दिवाणखान्यात कोंबड्यांची बैठक ठेवणार तू?" मी म्हटलं, त्यांचे पूर्वजही कोंबड्याच पाळायचे, फक्त ते आता कुणी बोलत नाही. तो खूश झाला. सफरचंदाच्या पायवर, खायच्या पायवर हं, सौदा ठरला आणि फळी त्यानं स्वतः धुऊन आणून दिली. रंध्याचे दोन हात मारले मात्र, आणि आतून जो रंग निघाला! मुरलेल्या मधासारखा. मी ऑरिनला दारातून परत बोलावलं. तोही टोपी काढून बघत राहिला. "कोंबड्यांना काही कळत नाही बघ," म्हणाला.

पहिला पाय मी बिघडवला. हे पाय सरळ नसतात. वर गुडघ्याशी पुढे येतात, मग आत वळतात, घोट्याशी बारीक होतात आणि खाली पुन्हा पसरतात, नाचताना कुणी टाच उचलावी तसे. मी जुन्या पायाची मापं घेतली, पुठ्ठा कापला, रेघेला रेघ लावून कापत गेले. आणि झालं काय? बुलडॉग! गुडघा फुगलेला, घोटा जाड, सगळं मापात आणि सगळं चूक. स्टुलाकडे बघितलं. कुणी शिव्या घालायला नव्हतं. तेव्हा मात्र मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू. मार्चमध्ये आलं नव्हतं इतकं रडू आलं. मग तो पाय शेगडीत घातला. चांगला जळला, वास तर फार गोड आला.

दोन-तीन दिवस मी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं नाही. तू सामान बांधायला पाठवलेली खोकी उघडून पुस्तकं भरायला घेतली, तेवढंच हाताला काम. त्यातून उठून एकदा सहज त्या कपाटाच्या बाकीच्या तीन पायांशी जाऊन बसले. डोळे मिटले आणि एकेका घोट्याभोवती मूठ आवळून बघितली. सायलस, तिन्ही वेगळे! एक जरा भरीव, एक बारीक, एकाचा बाक किंचित उशिरा सुरू झालेला. त्या माणसानं पुठ्ठा लावून नव्हतेच केले. पहिला केला, मग त्याच्याकडे बघत दुसरा, मग दोघांकडे बघत तिसरा. आणि मी वेडी मिलिमीटर मोजत बसले होते. मी पुठ्ठा बाजूला टाकला. दोन्ही हातांनी धरून ओढायचा सुरा घेतला आणि लाकूड जिकडे नेईल तिकडे थोडी गेले, मग त्याला माझ्याकडे वळवलं. सांगता येत नाही नीट. सकाळी सुरू केलं आणि भूक लागली तेव्हा कळलं की दुपार उलटून गेलीय आणि मी मोठमोठ्यानं गातेय. जेवायला विसरून मी कधी गायले होते का रे आयुष्यात?

पाय जोडला, लाखेचं पॉलिश चढवलं, मेण घासलं. जोडण्याआधी आतल्या बाजूला, वरच्या टोकाला, नाव आणि साल कोरलं. नवीन केलेल्या भागावर लिहायचंच असतं, म्हणजे पुढे कुणी फसत नाही. तुझे बाबा दोन अक्षरं लिहून मोकळे व्हायचे. मी पूर्ण लिहिलं, लव्हिनिया हेल. जागा थोडी कमी पडली.

काल मिस लूमिसकडे ऑरिन आणि मी ते घेऊन गेलो, उभं केलं. डुगडुगलं नाही! ड्रॉवर एकेक करून आत घातले, शेवटचा आत जाताना हवा दबून वरचा आपोआप बोटभर बाहेर आला, इतके चपखल. मिस लूमिस काठी टाकून चक्क जमिनीवर बसल्या. आम्ही दोघं धरायला धावलो तर ओरडल्या, "हात लावू नका, मी मेले नाही अजून." चारही पायांवरून त्यांनी हात फिरवला. मग मी केलेल्या पायावर हात ठेवून म्हणाल्या, "हा नवा. बाकीच्या तिघांना मी जन्मापासून ओळखते, या खालीच रांगले मी." त्यांनी पुन्हा एकदा त्या घोट्याभोवती मूठ आवळली, बराच वेळ. "पण त्यांच्या शेजारी उभा राहायला लाज नाही वाटणार याला," म्हणाल्या. "आता मला उठवा."

ऑरिन म्हणतो, मिस लूमिसकडून यापेक्षा मोठी शाबासकी गावात कुणाला मिळालेली नाही. आणि बाईंनी संध्याकाळपर्यंत सगळीकडे फोन फिरवले वाटतं. आज चर्चबाहेर मला दोघांनी गाठलं. एका बाईंकडे काठ्यांच्या पाठीच्या मोडक्या विंडसर खुर्च्या आहेत, दुसरे गावच्या संग्रहालयाचे, त्यांच्याकडे मॅपलचं लिहायचं मेज आहे. ते उद्याच आणतायत.

म्हणून हे पत्र, सायलस. फोनवर तुझा दमलेला आवाज ऐकला की मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणते, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. घर विकायला मी असंच हो म्हटलं होतं. वर्कशॉप पाडून तिथे पाहुण्यांच्या खोल्या काढणारे ते गृहस्थ येत्या शनिवारी सही घ्यायला येणार होते. त्यांना मी आज कळवून टाकलं की येऊ नका. बाबांची अवजारंही लिलावाला जाणार नाहीत, मला लागतात. तुझ्या घरामागची ती खोली तू माझ्यासाठी रंगवून घेतलीस, खिडकीत फुलझाडंसुद्धा लावलीस, ते सगळं मायेनं केलंस हे मला कळतं, आणि हे लिहिताना त्याचंच सगळ्यात वाईट वाटतंय. बर्फात एकटी पडून हाडं मोडशील असं तू म्हणशील. मोडतीलही. पण अरे, मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि मला आत्ता कुठे एक गोष्ट येऊ लागलीय. ती अर्ध्यावर टाकून मी उन्हात बसून काय करू? थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे इकडे या. तुझ्या लहानपणी तू मला नेहमी वर्कशॉपच्या दारात पाहिलंस, जेवायला चला म्हणून हाका मारताना. आता मी आत असेन. तू दारात उभा राहा आणि मला हाक मार. पहिली हाक मला ऐकू आली नाही तर समज, काम चांगलं चाललंय.

तुझी, अंगभर भुसा घेऊन बसलेली
आई