न घेतलेलं माप

१२ जानेवारी, रविवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. दुकानातला पंखा कुरकुरतो, तुझ्या वहिनीचा गुडघाही. दोघांनाही तेल घालून झालं.

माझ्या लेकीच्या लग्नाला पाच आठवडे झाले, तुझा फोन नाही. मीही केला नाही. म्हटलं, लहान आहे, त्यानेच करावा.

परवा तुझी लेक दुकानात आली. तिनेच शिकवलेलं इंग्रजी मी ऐटीत तिला ऐकवलं, "कोट शिवणं म्हणजे माझा बॅक ऑफ द हँड!"

एरवी हसते. परवा शाळेतल्या बाईंसारखी म्हणाली, "मोठे काका, असं नाही. आय नो इट लाइक द बॅक ऑफ माय हँड. एखादी गोष्ट आपल्या हाताच्या पाठीइतकी ओळखीची असणं."

"तेच ते. हातचा मळ."

"मळ म्हणजे सोपं काम. ही ओळख. डोळे मिटा. उजव्या हातावर तीळ किती?"

मी म्हटलं, एक. निघाले तीन.

मग तिने पिशवीतून तू त्या लग्नात घातलेला कोट काढला आणि रडायलाच लागली. रडत रडत सगळं सांगितलं.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तीस वर्षं तुझे कपडे टेप न लावता शिवले. सख्ख्या भावाचं माप घ्यायचं म्हणजे मला कमीपणा वाटायचा. लग्नात तू हळूच म्हणालास, "दादा, खांद्यात सैल होतोय रे." आणि मी पाहुण्यांदेखत ओरडलो, "कोट बरोबर आहे, तूच नीट उभा राहा!" सगळे हसले. तूही हसलास.

अकरा किलो उतरला होतास. पोटात गाठ घेऊन उभा होतास. वर घरच्यांना तंबी, "दादाला सांगू नका, त्याचा हात थरथरेल." गाढवा! नाही, गाढव मीच. गिऱ्हाइकाची मान अर्धा इंच बारीक झाली तरी मला दारातून कळतं. तू समोर होतास आणि मी बघितलंच नाही. माझं चुकलं रे.

कारागिरांना आज सगळ्यांसमोर सांगितलं, माप माझं चुकलं.

वीस तारखेला ऑपरेशन आहे ना? या पत्रापाठोपाठ मी येतोयच, टेप घेऊन. उभं राहवत नसेल तर बसून राहा. कोट आवळून देतो, पण जादा कापड कापणार नाही. आतच दुमडून ठेवीन. तू अंगाने भरलास की टाके उसवायला मी आहेच. तेवढं काम मला मिळू दे.

तुला न बघितलेला,
तुझा दादा