दुसरा मॉनिटर जोडला तेव्हा

प्रिय वहिनी,

तुला वहिनी म्हणायला लागून इतकी वर्षं झाली, तरी कागदावर लिहिताना हात अजून अडखळतो. वर्गात माझ्या शेजारी बसून माझी गणितं उतरवून घेणारी तू, सरळ माझ्याच भावाशी लग्न करून माझ्यापेक्षा मोठी होऊन बसलीस. नणंद म्हणून तुला छळायची मला फार हौस होती, पण दादाने कधी संधीच दिली नाही. तुझ्याविरुद्ध तोंड उघडलं की तो शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत जायचा. आता तो नाही, तर तुला छळायला बाकीचं सगळं जग पुढे सरसावलंय, आणि माझी हौस कायमची फिटली.

या आठवड्यात तू रोज फोन करतेस, काही सापडलं का विचारतेस, आणि मी तुला मॉनिटरचं रडगाणं ऐकवते. ते खोटं नव्हतं. पण गेले दोन दिवस मी त्या रडगाण्याच्या आड लपून बसले आहे, हे तुला तुझ्या स्वभावाप्रमाणे केव्हाच कळलं असणार.

आधी मॉनिटरचंच सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. वकिलांनी गोदामाच्या दोन्ही कॅमेऱ्यांचं, दादा आगीत गेला त्या रात्रीचं चित्रीकरण मला आणून दिलं, तेव्हा ते मी माझ्या एकुलत्या मॉनिटरवर आळीपाळीने बघत होते. आधी आतला कॅमेरा, मग फाटकाबाहेरचा, मग पुन्हा आतला. लग्नाच्या आणि जाहिरातींच्या व्हिडिओ फिती कापून जोडणाऱ्या बाईला एवढं पुरतं, पण हे तसं काम नव्हतं. एकाकडे बघताना दुसरं डोक्यातून निसटायचं. शेवटी बंद पडलेल्या एका ऑफिसातून जुना मॉनिटर उचलून आणला. केबल लावली, तर पडद्यावर 'सिग्नल नाही'. तास दीड तास मी टेबलाखाली पालथी. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला तर तो गार आवाजात म्हणाला, मॅडम, वरच्या खाचेत लावलीय ना, ती बंद असते, खाली ग्राफिक्स कार्डाची आहे तिच्यात लावा. काखेत कळसा! मग पडदा लागला, पण माउस डावीकडे नेला की उजवीकडून बाहेर पडायचा, कारण कॉम्प्युटरच्या मते डावा मॉनिटर उजवीकडे होता. ते सरळ केलं तर रंग जुळेनात. एकावर सगळ्यांना कावीळ, दुसऱ्यावर सगळे गारठलेले. शिवाय डाव्या मॉनिटरची केबल मुळात सैल. टेबलाला गुडघा लागला की पडदा काळा. तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी खोचली तेव्हा कुठे ती शहाण्यासारखी वागायला लागली.

डाव्या मॉनिटरवर आतला कॅमेरा लावला, उजव्यावर फाटकाचा. चित्राच्या कोपऱ्यात घड्याळाचे आकडे असतात, ते जुळवून दोन्ही एकदम सोडले. कंपनीवाले जे वर्षभर सांगतायत तेच समोर दिसायला लागलं. डावीकडे खोक्यांच्या रांगांमागून धुराची रेघ निघते. थोड्या वेळाने उजवीकडे एक माणूस बाहेरून फाटक ओढून कुलूप लावतो. तू मला शपथेवर सांगितलं होतंस की तो दादा नाही, दादा सुरुवातीपासून आत होता, दुसऱ्याच कुणीतरी लावलं. मीही तसंच धरून चालले होते. चेहरा दिसतच नाही ना. पण वहिनी, त्या माणसाने कुलूप लावून दोनदा ओढून बघितलं. चार पावलं गेला, परत आला, तिसऱ्यांदा ओढलं. सिनेमाला उशीर होत असताना आपण दोघी जिन्यात उभ्या राहून ज्याला शिव्या घालायचो, तोच. दादा. म्हणजे कंपनी म्हणते तेच खरं, धूर निघाल्यावर माल बाहेर जाऊ नये म्हणून सुपरवायझरने, म्हणजे दादाने, माणसं कोंडली, आणि मग ऑफिसच्या दारातून आत जाऊन स्वतःही अडकला. दादासोबत आत जळून गेलेल्या त्या दोन पॅकिंगवाल्यांच्या घरची माणसं तुला बघून रस्ता बदलतात, तुमच्या लेकीला, चिमीला, वर्गात कुणी डब्याला सोबत घेत नाही, ते सगळं बरोबरच आहे, असं मला त्या दुपारी वाटलं. हे मी तुला लिहिते आहे, कारण तेवढा वेळ मी माझ्या सख्ख्या भावाला खुनी मानलं आणि ते तुझ्यापासून लपवायची माझी इच्छा नाही.

तेवढ्यात डावा मॉनिटर काळा झाला. मी केबलला शिवी हासडून टेबलाखाली गेले, प्लग दाबला, वर येऊन बघते तर चित्र परत आलेलं, फक्त राखाडी. आतले लाइट गेले होते आणि कॅमेरा बॅटरीवर चालला होता. बऱ्याच वेळाने उजवा मॉनिटर काळा झाला. मी पुन्हा टेबलाखाली. प्लग हातात धरला आणि तिथेच बसून राहिले. उजव्या मॉनिटरची केबल माझी जुनी, पक्की, तिने आजवर एकदाही दगा दिलेला नाही. वर येऊन बघितलं तर हेही चित्र राखाडी. केबलचा काही दोष नव्हता. अंधार चित्रातच होता.

आमच्या धंद्यात एकाच प्रसंगाचे दोन कॅमेरे जुळवायचे असले की शूटिंगच्या सुरुवातीला कुणीतरी टाळी वाजवतो. दोन्हीकडची टाळी एकमेकींवर आणून ठेवली की बाकीचं आपोआप जुळतं. कोपऱ्यातल्या घड्याळावर शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही. ही आमची पहिली शिकवण, आणि घरच्या माणसाची फीत समोर आली तर मी तीच विसरले. गोदामातली वीज एकच. ती गेली तेव्हा आतले आणि फाटकावरचे दिवे एकाच क्षणी जाणार. पण कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंगची डबडी दोन, वेगवेगळ्या वेळी घेतलेली, आणि फाटकाचं घड्याळ चांगलं पाव तास पुढे. चौकशीवाल्यांनी दोन्ही फिती वेगवेगळ्या बघितल्या, कागदावर वेळा उतरवल्या आणि मोकळे झाले. मी फाटकाची पट्टी मागे सरकवली, अंधारावर अंधार ठेवला आणि पुन्हा सोडलं. दोन्ही मॉनिटर एकदम काळे झाले.

आता सगळं उलटं झालं. दादा कुलूप लावतो तेव्हा आत धुराचा मागमूस नाही. माणसं माल मोजतायत, एकजण हसतोय. मालाची मोजणी चालू असताना फाटक बाहेरून बंद ठेवायचं हा कंपनीचाच हुकूम, दादा त्यावर किती कुरकुर करायचा ते तुला माहीत आहे. धूर नंतर. मग अंधार. आणि अंधारानंतर लगेच उजवीकडे तोंडाला फडकं बांधलेला एकजण धावत येतो, कुलूप काढतो, फाटक ढकलतो, आणि आतली माणसं एकमेकांवर पडत बाहेर येतात. हा माणूस सगळ्यांनी पहिल्यापासून पाहिलेला होता. पण जुन्या वेळांप्रमाणे तो इतका उशिरा येतो, की तोवर आतला कॅमेरा जळून गेलेला असतो आणि दादाही गेलेला असतो. म्हणून ठरवून टाकलं की हा शेजारच्या कारखान्याचा पहारेकरी. बाहेर आलेले तरी काय सांगणार, खोकून खोकून त्यांचे डोळे मिटलेले.

वकिलांना मी काल दाखवलं. ते खुर्चीतून उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, सुटला तुमचा भाऊ. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते. परवाच्या चौकशीत ते दोन्ही चित्रं शेजारी शेजारी मोठ्या पडद्यावर लावणार आहेत. ज्यांनी तुला दारात उभं केलं नाही ती माणसं मग तुझ्या दारात रांग लावतील, चिमीला पोटाशी धरतील. तुझं नाव धुऊन निघेल. जीव भांड्यात पडावा अशी ही बातमी, आणि तरी मी दोन दिवस तुला केबलच्या गोष्टी सांगत बसले.

कारण मला फोनवर हे बोलता येत नव्हतं. तू चिमीला रोज सांगतेस, बाबा आत अडकले, त्यांना बाहेरची वाट सापडली नाही. या एका वाक्याच्या आधाराने तू वर्ष काढलंस. वहिनी, तो अडकला नव्हता. तो बाहेर होता. फाटक सताड उघडं, मागे मोकळा रस्ता. तो बाजूला उभा राहून बाहेर येणारी माणसं बोटाने मोजत होता. मोजून झाल्यावर पुन्हा एकदा मोजली. दोन कमी भरली. मग त्याने फडकं घट्ट केलं आणि उजव्या मॉनिटरमधून निघून गेला, आणि त्याच दमात डाव्या मॉनिटरवर धुरात शिरताना दिसला. तेवढे क्षण मी कापून टाकले असते ग, माझं कामच ते. पण धुरात शिरणारा दादाच हे कंपनीही मानते, आणि उजवीकडून गेलेला आणि डावीकडे आलेला माणूस एकच, हाच तर तो दादा असल्याचा पुरावा. ते कापले तर तो खुनीच राहतो. परवा लोक त्याला देवमाणूस म्हणतील, आणि त्याला घरी येता येत होतं हे तुला त्या भरल्या खोलीत, परक्यांच्या मध्ये बसून पहिल्यांदा कळेल. ते मला नको होतं. उद्या दुपारी चिमीला आईकडे ठेव आणि एकटी ये. तुला त्याचा राग येईल. मला तर इतका आलाय की काल मी त्या पडद्यावर हात आपटला. त्याला ओरडून सांगितलं, दादा, फिर मागे, ती वाट बघतेय. तो नाही फिरला.

तुझीच,
धाकटी