दादाची उचकी

मांडवी, रत्नागिरी
६ ऑक्टोबर २०२४

चि. दीक्षा हिस,
शालनआत्याचा आशीर्वाद व जय भीम.

तू चार दिवस येऊन राहिलीस, पण तोंडावर सांगवेना, म्हणून लिहिते. दादा डायलिसिससाठी माझ्याकडे राहतो, तर परसातल्या करमळांचा, तुम्ही पुण्यात स्टारफ्रूट म्हणता त्यांचा, तांब्याभर रस मीच कौतुकाने पाजला. दुपारी उचकी लागली. लेकीने आठवण काढली असेल, असं मी चिडवलं. त्याने तुझं नाव घेतलं, तरी थांबेना. संध्याकाळी बरळू लागला.

हे तुला ठाऊक आहे. पण दवाखान्यात पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी फक्त पेज दिली म्हणाले. पथ्य मोडलं म्हणून ओरडतील, याची लाज वाटली. सकाळी फिट आली, तेव्हा खरं बोलले. माझ्या लाजेपायी एक रात्र गेली. आता दादा घरी आहे, पण माझं नाव त्याला आठवत नाही.

राग आला तर येऊ दे, पण दोन ओळी लिही.
तुझी आत्या

पुणे
१२ ऑक्टोबर

ति. आत्यास,
दीक्षाचा सविनय जय भीम.

राग आला, खोटं कशाला बोलू? पण रात्री माझाच जास्त आला.

किडनी धड असली की करमळातलं विष लघवीवाटे जातं. बाबांच्या अंगात ते साठलं आणि मेंदूतल्या पेशींना डिवचत राहिलं. डिवचलेली पेशी थांबत नाही, होती नव्हती ती शक्ती खर्चते. शक्ती बनवणारी तिची चूलच विझली, की ती मरते. चार वर्षं मी हेच शिकते आहे, आत्या. जानेवारीत करमळं चिरताना तू विचारलंस, नेमकं काय शिकतेस. मोबाईलवरची नजर न काढता मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

त्या दवाखान्यात चार दिवस तुझ्याशेजारी बसले, तेव्हाही हे बोलले नाही. मला माझी लाज वाटते.

जमलं तर पदरात घे.
दीक्षा

मांडवी
२० ऑक्टोबर

चि. दीक्षा हिस,
आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चुलीचं सगळं कळलं.

काल जेवताना दादाला उचकी लागली. मी घाईने पाण्याचा पेला पुढे केला. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, शालनने आठवण काढली वाटतं. मी समोरच बसले होते, दीक्षा. मान वर करता आली नाही.

पुढचंही लिही, मी वाचेन.
आत्या