वाफेवरचं मीठ

गणेश चतुर्थी, मुलुंड. संध्याकाळची आरती व्हायचीय.

वालाच्या बिरड्यात मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं!

घालायला मीच विसरले. पण नैवेद्याआधी आमच्याकडे काही चाखत नाहीत. सासूबाई कढईवर वाकतात, वाफ ओढून घेतात आणि सांगतात, "बरोबर आहे." लग्नाला अकरा वर्षं झाली, एकदाही चुकल्या नाहीत. आजही तशाच वाकल्या, तसंच म्हणाल्या. आणि शेजारच्याच बर्नरवर मोदकांचं सारण करपत होतं. त्याचा वास मला हॉलमध्ये आला, त्यांना नाही. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

जेवताना नवऱ्याने मिठाकडे हात नेला. मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. आईंनी ते पाहिलंच.

मग भांडी पुसताना स्वतःहून म्हणाल्या, "गेल्या महिन्यातल्या त्या तापापासून वासच येत नाही गं. मोदकांचापण नाही आला."

"मग सांगायचं ना, आई!"

"सांगितलं असतं तर ओट्याशी उभं राहू दिलं असतंस मला?"

मी लगेच हो म्हटलं. पण खरंच दिलं असतं का? 'तुम्ही बसा, आराम करा' असंच म्हटलं असतं. तेही प्रेमाने! तेच डोक्यातून जात नाहीये.

उद्या ऋषीची भाजी. मीठ मी चमच्याने मोजून घालीन. कढईवर वाकून 'बरोबर आहे' मात्र आईंनीच म्हणायचं.