अफ्राह परत आली

२ ऑक्टोबर

पोहोचले एकदाची सीमेवरच्या गावात. पोझनानहून निघताना आई म्हणत होती, त्या रानात काय ठेवलंय, आठवडाभरात रडत परत येशील. तिनं येऊन बघावं. बर्चची झाडं पिवळीधमक झालीत, हवेला अळंब्यांचा वास आहे, आणि घरमालकीण ल्युबा मावशींनी मला भाड्यानं दिलेली खोली आमच्या अख्ख्या फ्लॅटपेक्षा उबदार आहे. मावशी सत्तरीच्या आहेत आणि एकट्याच राहतात. मी बॅग ठेवतेय तोवर त्यांनी भट्टीतून बटाट्याचा खरपूस केक काढला, वर आंबट साय घातली आणि समोर बसून राहिल्या. मी दुसऱ्यांदा घेतलं तेव्हाच उठल्या. म्हणाल्या, सीमेवर वाळक्या पोरींचं काम नाही.

सीमारक्षकाचा गणवेश मिळाला. बाह्या लांब आहेत, तरी आरशासमोरून हलवेना. इतकी वर्षं दुकानात गल्ल्यावर बसून लोकांची बिलं केली. आता कुणी विचारलं काय करतेस, तर सांगायला काहीतरी आहे.

५ ऑक्टोबर

माझी जोडी सेवेरिनबरोबर लावलीय. माणूस चाळिशीचा, जाडजूड, सतत सूर्यफुलाच्या बिया चघळणारा. मला ‘शहर’ म्हणूनच हाक मारतो. आज त्यानं भिंत दाखवली. झाडांमधून उभ्या केलेल्या उंच पोलादी पट्ट्या, वर काटेरी तारांची वेटोळी, पलीकडे बेलारूस. मी म्हटलं, यावरून कोण येणार? तो हसला. म्हणाला, “आपण चार माणसांएवढी भिंत बांधली, शहर. त्यांनी पाच माणसांएवढी शिडी बांधली.” कुणी खालून खणतं, कुणी पट्ट्या कापतं, कुणी दलदलीतून येतं. आपण इथं अडवावं, तर ते तिथून येतात.

भिंतीत मधे मधे लहान लोखंडी दारं आहेत. हरणा-डुकरांना ये-जा करता यावी म्हणून ठेवलेली. आता त्यातून माणसंच जातात, आणि तीही एकाच बाजूला.

मावशी संध्याकाळी घराच्या कुंपणाबाहेरच्या फळीवर पाव आणि पाण्याची बाटली ठेवतात. मी पाहिलं. त्यांनीही मला पाहताना पाहिलं.

७ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा कुणी सापडलं. एक बाई, एकटीच, बर्चच्या बुंध्याला टेकून बसलेली. कमरेपर्यंत भिजलेली, तपकिरी कोटाची एक बाही खांद्यापासून फाटलेली. वय माझ्याएवढंच असेल. थंडीनं कुडकुडत होती, तोंडातून वाफेचे लोट निघत होते. छातीवर हात ठेवून तिनं नाव सांगितलं, अफ्राह. मग आमच्या भाषेतला एकच शब्द, कुणाकडून तरी घोकून घेतलेला: आश्रय.

हा शब्द कुणी उच्चारला की त्याला चौकीवर न्यायचं, अर्ज लिहून घ्यायचा, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय. मी सेवेरिनला म्हटलं, ती आश्रय मागतेय. तो म्हणाला, “मला तर ‘पाणी’ ऐकू आलं. तुला काय ऐकू आलं, शहर?” आणि माझ्याकडे बघत राहिला. नवी नोकरी. मी म्हटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

ती पुन्हा म्हणाली. स्पष्ट म्हणाली. आम्ही तिला दारातून पलीकडे काढलं. कडी मी लावली.

मावशींनी आज बीटाचं सार केलं होतं. वाडगं तसंच ठेवून उठले.

१० ऑक्टोबर

अफ्राह परत आली. त्याच झाडाखाली होती, तशीच बसलेली. फक्त आता पाय अनवाणी. सेवेरिनला हसू आलं. म्हणाला, “काय बाई, करमत नाही वाटतं आमच्याशिवाय.” ती तोच एक शब्द म्हणाली. पुन्हा तेच दार. या वेळी ती मुकाट्यानं चालली.

परत येताना मी भिंत लांबवर तपासली. कुठे कापलेलं नाही, खणलेलं नाही. कॅमेऱ्यावरही काही नाही. सेवेरिन म्हणाला, कॅमेरे झोपतात. पण त्यानं बिया खाणं थांबवलं होतं.

१३ ऑक्टोबर

आज ती रानात नव्हती. गावाच्या रस्त्यावर होती, मावशींच्या घराच्या वळणाशी.

तीन-चार दिवस पावसाचा थेंब नाही. रस्त्यावर धूळ. आणि तिच्या कोटातून पाणी गळत होतं. मी दंडाला धरून तिला गाडीत बसवलं. फाटलेल्या बाहीतून माझी बोटं तिच्या कातडीला लागली. फ्रीजरमधलं मांस हातात घेतल्यासारखं.

गाडीत कडाक्याची थंडी होती. सेवेरिनच्या तोंडातून वाफ निघत होती. माझ्याही. मी मागे वळून बघितलं. तिच्या तोंडातून निघत नव्हती. ती थरथरतही नव्हती. मी सेवेरिनकडे पाहिलं. तोही आरशातून मागेच बघत होता. पुन्हा त्याच दारातून आम्ही तिला पलीकडे काढलं.

१५ ऑक्टोबर

अळंब्या वेचायला गेलेल्या लोकांना दलदलीत प्रेत सापडलं. ओळख पटवायला मला नेलं. तपकिरी कोट. खांद्यापासून फाटलेली बाही.

दलदल आमच्याच बाजूला आहे. म्हणजे सात तारखेला आम्ही काढल्यावर ती त्याच दिवशी परत निघाली आणि भिंतीखालच्या ओढ्यातून आत येताना रुतली. डॉक्टर म्हणाले, आठवडा तरी झालाय. मी दोनदा विचारलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, बाई, प्रेतं मी काही आज पहिल्यांदा बघत नाही.

मग दहा तारखेला आम्ही कुणाला काढलं? तेराला माझ्या हातात कुणाचा दंड होता?

दुपारी शेजारच्या गावातल्या तातार मुसलमानांनी त्यांच्या दफनभूमीत तिला पुरलं. मावशी गेल्या, मी गेले. सेवेरिन आला नाही. चौकीवर भेटला तेव्हा म्हणाला, सगळ्या सारख्याच दिसतात, तुझा घोटाळा झाला. आणि चहाचा पेला तसाच ठेवून बाहेर निघून गेला.

१७ ऑक्टोबर

धुकं. समोरचं झाड दिसत नाही. सकाळी वायरलेसवर आलं, दाराजवळ बाई उभी आहे. आम्हीच जवळ होतो.

तीच. अंगावर दफनातलं पांढरं कापड. मातीनं भरलेलं. तिनं तो शब्द म्हटला.

सेवेरिन ओरडायला लागला. जा, जा म्हणत त्यानं दार उघडलं आणि तिला दोन्ही हातांनी ढकललं. तिनं फक्त त्याचं मनगट धरलं. ओढलंही नाही. तो तिच्यामागोमाग चालत गेला, लहान मुलासारखा. मग पलीकडून त्याची किंकाळी आली.

मी दार लावलं.

तो परत धावत आला असावा. दारावर मुठी आपटत होता. म्हणत होता, कालिना, उघड. मी सेवेरिन आहे, उघड. पहिल्यांदाच माझं नाव घेतलं त्यानं. मी कडी धरून उभी होते. मला खरंच वाटत होतं की उघडावं. हात हलेना. मग आवाज थांबला.

कुमक आल्यावर उघडलं. कुणी नव्हतं. एकाच माणसाच्या बुटांचे ठसे, पाण्याच्या दिशेनं.

मी सांगितलं, तो स्वतःच गेला.

१९ ऑक्टोबर

सेवेरिन सापडला. आपल्या बाजूला. बर्चच्या झाडाखाली बसलेला. सगळे त्याला मिठ्या मारतायत, पाठ थोपटतायत. ओला झालाय म्हणून ब्रँडी पाजतायत, हनुवटीवरून ओघळतेय. कुणी बघत का नाही — त्या गर्दीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ येतेय, आणि —

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाला, तोच एक शब्द.

मी पळत घरी आले.

२० ऑक्टोबर

कामावर गेले नाही. वायरलेस बंद आहे. चौकीवर फोन उचलला जात नाही. धुकं खिडकीपर्यंत आलंय.

मावशींना सगळं सांगितलं. पाणी आणि आश्रय, तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून पीठ भिजवायला लागल्या. इतकं पीठ कशाला, विचारलं. त्यांनी आणखी दोन मुठी घातल्या.

आईला फोन लागत नाही.

२१ ऑक्टोबर

दारावर थाप. दुपार आहे पण अंधारल्यासारखं. सेवेरिनचा आवाज. मग तिचा. तोच शब्द, दोघांचा एकदम —

मी मावशींचे पाय धरले, उघडू नका. त्या म्हणाल्या, “पोरी, या दारातून आजवर कुणाला हाकललं नाही. आता म्हातारपणी तुझ्यासाठी शिकू का?” हात पुसतायत. वाडगी मांडतायत. किती जण आहेत, विचारतायत. मी म्हटलं, दोघं. त्या खिडकीशी गेल्या, पडदा सरकवला. म्हणाल्या, दोघं कुठे गं, कुंपणापासून पार रानापर्यंत —

कडी काढली त्यांनी. गार हवा आत — मी टेबलाखाली — फरशीवरून पाणी वाहत येतंय. ओले पाय. एक जोडी. दुसरी. थांबल्या. कुणीतरी खाली वाकतंय. मी म्हणतेय, मी पण म्हणतेय, आश्र